सात खिडक्यांची वाघूर

मी माझ्या घराच्या सातही खिडक्यांना डासांच्या जाळ्या स्वतःच्या हातानं बसवल्या, आणि शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता एकही खिडकी लागत नाही. आमच्या खिडक्यांची दारं बाहेर उघडतात. ती मी नीट उघडली, वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून आकड्यांत अडकवली आणि मग शिडीवर चढून चौकटीच्या बाहेरच्या खाचेत जाळ्या बसवल्या. ज्या खाचेत दारानं येऊन बसायचं असतं, तिथं जाळी येऊन बसली. शिवाय माप मी फक्त स्वयंपाकघरातल्या खिडकीचं घेतलं होतं आणि दुकानदाराला सांगितलं होतं, अशा सात. एकच घर, एकच गवंडी, मग मापं वेगळी कशाला असतील? तीन जाळ्यांच्या कडेला बोट जाईल एवढी फट राहिली. बोटभर फट म्हणजे डासाच्या दृष्टीनं बीड बायपास. मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं ते सांगायला बाकीची माणसं टपलेली आहेत.

हा उद्योग मी हौसेनं केला नव्हता. आमची एकुलती एक मुलगी नाशिकला दिलेली. त्याच्या दोन वर्षं आधी ती दिवाळसणाला आली आणि जाताना डेंग्यू घेऊन गेली. लोक लेकीला साडी देतात, आम्ही हे दिलं. आठ दिवस ती तिकडच्या दवाखान्यात होती आणि विहीणबाई तिच्या उशाशी. त्यामुळे तिला सातवा लागल्यावर विहीणबाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या त्या. तुमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, ड्रम भरून ठेवावे लागतात, डास होणारच, तुमचा तरी काय दोष, तेव्हा बाळंतपण इकडंच करू. बायकोनं फोन ठेवला, आत जाऊन शिवत असलेलं दुपटं घडी करून पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं. संध्याकाळी मुलीचा फोन मला आला. "बाबा, मला आईजवळच यायचंय. डोहाळजेवण झालं की सासूबाई स्वतः तिकडं बघायला येणार आहेत. एक डास दिसला तरी त्या मला पाठवायच्या नाहीत." माझ्या हातात वीस दिवस होते. त्यांतले चार मी वर सांगितलेल्या कामात घालवले. पाचव्या दिवशी दुपारी वावटळ आली, आणि खिडक्या लागत नसल्यामुळे समोरच्या मैदानाचा बराचसा भाग आमच्या दिवाणावर येऊन बसला. बायकोनं तो झाडला, हात धुतले आणि मामांना फोन लावला.

खिडक्या कळणारी माणसं आमच्या शहरात पुष्कळ असतील; पण खिडकीवरून घर आणि घरावरून घरातलं माणूस ओळखणारा एकच मनुष्य मी आजवर पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे हे जाळीवाले मामा. सख्खे नव्हेत. फर्दापूरच्या अलीकडे बायकोचं माहेर. मामांच्या वडिलांची मेंढरं दर साल खतासाठी माझ्या सासऱ्यांच्या शेतात बसायला यायची, तेवढ्यावर जुळलेलं नातं. लहानपणी मामांचं काम वाघूर लावायचं. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणून उभी करतात. पुढं मेंढरं सुटली, मामा वाळूजला एका कंपनीत लागले, वीस-बावीस वर्षं प्रेस मशीनवर पत्रे कापले, आणि निवृत्त झाल्यावर पैठण रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये डासांच्या जाळ्या करायला बसले. म्हणजे फिरून वाघूरच. शब्दही त्यांनी बदलला नव्हता. 'जाळी' हा शब्द ते फक्त मोटारीतून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवत.

मी त्यांच्या गावचा जावई, तेव्हा मला अपमानकारक बोलणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. यावर त्यांनी तोड काढली होती. प्रसन्न असले की ते मला 'जावईबापू' म्हणत, आणि काही खरं बोलायचं असलं की 'मास्तर'. जावयाला बोललं तर पाप लागतं, मास्तराला बोललं तर लागत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी घराला एक फेरी मारली, आकड्यांत अडकलेल्या दारांवरून हात फिरवला, जाळी टिचकी मारून पाहिली आणि पायरीवर बसत म्हणाले, "चांगली ताणून वडलीय, जावईबापू." मी सुटलो म्हणेपर्यंत त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून खाली ठेवला. "येवढंच सांगा मास्तर, डास भाईर ठिवायचेत का आत?"

दुसरा कोणीही जाळीवाला आला की खिशातून टेप काढतो. मामा पॅन्ट वर काढत. त्यांच्या कामाची सुरुवातच बैठकीनं व्हायची. ऐन तिन्हीसांजेला प्रत्येक खोलीत खुर्ची टाकून, कंपनीची करडी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पंधरा-पंधरा मिनिटं निश्चल बसत. पायावर डास बसला की मारत नसत. तो कुठून आला, किती वेळ घिरट्या घालून आला, हे बघत. मग खिशातल्या सुतळीला एक गाठ मारत. हे लिहून ठेवणं त्यांना जमत नसे असं नाही, पण मेंढरं गाठींनीच मोजायची सवय बोटांना होती. चावल्यावरून डासाचं गाव सांगत. हा ड्रमातला, हा गटारातला, हा शेजाऱ्यांच्या कूलरमधला. एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्यात त्यांनी असं बसायला खुर्ची मागितली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माप घ्यायला बसावं कशाला लागतं? मामा म्हणाले, बाई, डाक्टरसायेब नाडी बघताना उभे ऱ्हात्यात का? ते काम त्यांना मिळालं होतं, पण त्यांनीच सोडलं. बाईंना सगळ्या घराला पडद्यांशी जुळेल अशी एकच तपकिरी जाळी हवी होती. मामांचं म्हणणं, वाघूर म्हंजी लगनातलं लुगडं नाय, समद्या बायांनी एकाच रंगाचं नेसायला.

आमच्याकडे बैठक झाली आणि त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर खिडक्यांकडे पाठ फिरवली. न्हाणीघराजवळ आमचे चार ड्रम होते, त्यांवर फळकुटं ठेवलेली. मामांनी एक फळकूट उचललं, आत बॅटरी मारली आणि बायकोला हाक मारून दाखवलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "लांडगा घरात जल्मतोय, बाई, आन मास्तर वाघूर खिडकीला लावत्यात." त्यांनी त्याच वेळी चारही ड्रम रिकामे करून घासायला लावले, माझ्या जाळ्या काढून त्यांची इलॅस्टिक ओवलेली झाकणं करून दिली, आणि गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळीला जाळीचा तुकडा तारेनं आवळून बांधला. माझ्या शिडीचा इतका सत्कारणी उपयोग त्याआधी झाला नव्हता.

मग मापं. मामा प्रत्येक खिडकी तीनदा मोजत, वर, मध्ये आणि खाली. आणि पुन्हा तीनदा आडवी. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो. हॉलची खिडकी वर साडेतीन फूट दोन सूत भरली, मध्ये तीन सूत आणि खाली पाच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हणालो, मामा, असं होणार नाही, टेप सरकली असेल, आयताच्या समोरासमोरच्या बाजू समान असतात. मामांनी कानावरची पेन्सिल काढली. हे घर कुणी बांधलं ते विचारलं. मी जरा अभिमानानंच सांगितलं की गवंडी माझा विद्यार्थी, दहावीला माझ्याच वर्गात होता. मामांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाले, "मंग बरुबर हाये."

यापुढचे तीन दिवस ते मापांपेक्षा प्रश्नच जास्त विचारत होते. स्वयंपाकघराची खिडकी कोण उघडतं, कुठल्या हातानं? माझी बायको डावरी आहे. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन मी ते कधी हिशेबात धरलं नव्हतं, मामांनी पहिल्या चहाच्या कपावरून हेरलं आणि त्या खिडकीची कडी डावीकडे घेतली. तिथं जाळी स्टीलची, काढून घासता येईल अशी, कारण फोडणीच्या वाफेनं नायलॉनच्या जाळीवर चिकट थर बसतो आणि मग तिच्यातून वारासुद्धा येत नाही. मागच्या खिडकीत शेजारचं मांजर येऊन बसायचं, तिथं नखानं फाटणार नाही अशी जाड जाळी. हॉलच्या खिडकीशी बायको दुपारी भाजी निवडत रस्ता बघत बसते, तिथं बारीक काळी. आतून रस्ता दिसावा, रस्त्यावरून बाई दिसू नये. न्हाणीघराचा झरोका मी खिडकीत धरलाच नव्हता, त्यांनी धरला. प्रत्येक खिडकीशी ते उदबत्ती लावून धूर बघत. धूर सरळ आत आला तर बारीक जाळी चालेल, रेंगाळला तर जरा मोकळी लागेल, नाही तर उन्हाळ्यात माणूस उकडून जाळीच फाडेल. आणि सगळ्या जाळ्या आतून, उघडझाप होणाऱ्या, म्हणजे हात घालून बाहेरचं दार ओढून घेता यावं. ही सोय मला सुचली नव्हती, हे त्यांनी सहा खिडक्यांवर सहा वेळा सांगितलं.

सातवी खिडकी, मुलीच्या खोलीची, त्यांनी शेवटी घेतली. तिथं मात्र बैठक लांबली. बाज कुठं टाकणार, पाळणा कुठं, मुलीचं डोकं कुठल्या दिशेला, रात्री उठून दिवा लावणार का, सगळं विचारून झालं. मग त्यांनी घडी पडणारी, पंख्यासारखी मिटणारी जाळी तिथं निवडली. सरकत्या जाळीचा खरखराट होतो, तान्हं बाळ दचकतं म्हणाले. बायको दारात उभी होती. मामा गेल्यावर तिनं पेटीचं कुलूप काढलं.

विहीणबाई आल्या त्या दिवशी मामा सकाळपासून आमच्याकडेच होते. पुढच्या दाराला त्यांनी स्प्रिंगचं जाळीचं दार बसवलं होतं, सोडलं की आपोआप बंद होणारं. पाच वाजता विहीणबाई पायरी चढल्या, आणि मी त्यांना आत घेण्याआधी ते दार कसं लागतं ते दाखवलं. मग चहा झाला. दिवेलागण झाली. हॉलमध्ये विहीणबाई दिवाणावर, बायको स्टुलावर, मामा कोपऱ्यात पॅन्ट दुमडून. नाटकाची घंटा झाल्यावर माणसं बसतात तसे सगळे बसले होते. अर्धा तास गेला. मग विहीणबाईंनी आपला डावा हात हळूच पुढं केला. कोपराशी एक डास बसला होता. त्यांनी तो मारला नाही, नुसता दाखवला. बायकोचा चेहरा पाहवेना. एवढ्यात दुसरा माझ्या कानाशी गुणगुणला.

मामा उठले. सातही खिडक्यांच्या कडांवरून त्यांनी बोट फिरवलं, झरोका पाहिला, ड्रमांवरची झाकणं पाहिली. मी इकडे विहीणबाईंना समजावून सांगत होतो की यात काहीतरी चूक आहे, हे दार पाहा, सोडलं की कसं बसतं ते पाहा. मी दार उघडलं, सोडलं, ते छान बसलं. मामा परत आले होते. त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि विहीणबाईंसमोर धरली. तिला अकरा गाठी होत्या.

"विहीनबाई, वाघुरीला भोक नाय," मामा म्हणाले. "भोक म्हंजी हे मास्तर. पाच वाजल्यापून अकरा डाव दार उघडून दावलं, आपूआप लागतं म्हनून. ही आत्ताची बारावी."

आणि त्यांनी बारावी गाठ मारली.

विहीणबाई हे प्रकरण तोवर न हसणारं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसता हसता दिवाणावर कलंडल्या. बायको हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि तास झाल्याशिवाय उठायचं नाही म्हणून बजावलं. ते दोन डास मामांनी टाळीत मारले. तास गेला, तिसरा आला नाही. विहीणबाईंचा कोपर पुढं होता, मामांची पोटरी होती, पण तिसरा आला नाही. मग विहीणबाई उठल्या आणि बायकोला म्हणाल्या, "पाठवते मी तिला. फक्त तिन्हीसांजेला यांना दाराशी जाऊ देऊ नका." मला इतकं हलकं हलकं वाटलं की आनंदाच्या भरात मी उठून दार उघडायला निघालो. बायकोनं सदऱ्याला धरून खाली बसवलं.

मुलगी आली. बाळाला तिसरा महिना लागेपर्यंत राहिली. नात झाली. बाळाच्या अंगावर डासाचा एक फोड उठला नाही. दुपारी त्या दोघी झोपल्या की मी त्या घडीच्या जाळीशी उभा राहून बाहेर गुणगुणणाऱ्यांकडे बघायचो. परीक्षा संपलेल्या मुलाला अभ्यासाचं पुस्तक बघून जसं बरं वाटतं, तसं वाटायचं. संध्याकाळचं दार मात्र अजून माझ्या हाती दिलेलं नाही. नात बोलायला लागली तेव्हा जाळीला 'वागू' म्हणायला लागली. ते ऐकून मामा खास मोपेडवरून आले, तिच्या तोंडून तीनदा म्हणवून घेतलं आणि आल्या पावली परत गेले.

त्यानंतर दोनेक वर्षांत त्यांनी धंदा बंद केला. एका घरची चौकट दोन सुतांनी आखूड कापली गेली. गिऱ्हाइकाला ते कळलंही नसतं, रबर लावून भागलं असतं. मामांनी ती चौकट शेडच्या मागं नेऊन वाकवली आणि शटर ओढलं. डोळ्याला सूत दिसेना झालं, एवढंच सांगितलं. गावाकडे गेले, पंधरा-वीस मेंढरं घेतली. जाताना आमच्या घराच्या सात सुतळ्या बायकोला देऊन गेले, प्रत्येक खिडकीची एक. कुठली कुणाची हे गाठींवरून त्यांनाच कळायचं; आता त्या पेटीत दुपट्याखाली आहेत.

परवा आम्ही नातीला घेऊन त्यांना भेटायला गेलो. उन्हं कलली होती. मामा वाघूर ताणत होते आणि नात एक खुंटी दोन्ही हातांनी धरून उभी होती, आपल्याशिवाय मेंढरं पळतील अशा चेहऱ्यानं. त्यांच्या एका खोलीच्या घराला एकच खिडकी, आणि तिला जाळी नव्हती. सगळ्या शहराचे डास अडवलेला माणूस असा उघड्यावर झोपतो हे काही मला बघवेना. मी विचारलं, तर म्हणाले, मला चावून आता त्यांच्या हाती काय लागनार. हात वाघुरीवरच होते. पण गाठ मारताना बोटं दोनदा चुकली, आणि ते मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

मी खिशातून टेप काढली. म्हणालो, मामा, या खिडकीला मी जाळी करून आणतो. वर, मध्ये, खाली, सगळी मापं घेतो, आतून बसवतो. मामांनी वाघूर सोडली. मग जवळ येऊन टेप माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि माझ्याच खिशात ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "ती खिडकी अजून लागती."